मधल्या डब्याची टक

त्या घरचा सेट चालू केला की आधी काहीच व्हायचं नाही. दिवा लागायचा, गिऱ्हाईक कान टवकारून बसायचं आणि आवाज मात्र कुठूनच नाही. मग जरा वेळानं मधल्या डब्यातून बारीकशी 'टक' यायची, जीभ टाळूला लावून सोडावी तशी, आणि गाणं सुरू व्हायचं. कुणी विचारलंच तर धाकटा सांगायचा, "सेटला जाग आली." लोक हसायचे. मधलीही हसायची. पण ती टक कशाची, हे फक्त तिला ठाऊक होतं. आणखी एकाला ठाऊक होतं, पण तो जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मधली म्हणजे त्या घरची मधली सून. तीन भाऊ, खाली कारखाना, वर बिऱ्हाड. कारखाना म्हणजे एक लांबट खोली आणि तीन टेबलं. खिडकीशी थोरला. तो पॉवर अॅम्प्लिफायर बांधायचा, आवाजाला जोर देऊन स्पीकर हलवणारा. ते धूड उचलायला दोन माणसं लागायची म्हणून घरात त्याला नुसतं 'मोठा' म्हणत. दाराशी धाकटा. तो कन्व्हर्टर करायचा. मोबाइलमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे. त्या आकड्यांची वीज करून पुढे पाठवायची, हे त्याच्या वीतभर डबीचं काम. आणि दोघांच्या मधे मधल्याचं टेबल. तो करायचा प्रीअॅम्प्लिफायर, पण एवढं तोंडभर नाव घ्यायला सवड कुणाला? सगळे म्हणत 'मधला डबा'. डबीतून आलेला आवाज कमीजास्त करून मोठ्याच्या तोंडात घालायचा, एवढाच त्याचा धंदा. डबी म्हणजे विहीर, मोठा म्हणजे पूर, आणि मधला डबा म्हणजे नळ.

मधली लग्न होऊन आली तेव्हा तिला डाग द्यायची सोल्डरची कांडी कोणत्या बाजूनं धरतात तेही माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी तिनं ती तापलेल्या बाजूनं धरली. नवऱ्यानं तिची बोटं पाण्यात बुडवली आणि म्हणाला, "आता जन्मात विसरणार नाहीस." ती विसरली नाहीच. विसरणं तिच्या रक्तातच नव्हतं. एका भाजीवाल्यानं एकदा तिच्या पिशवीत किडकी वांगी घातली, तर ही बाई पुढं कित्येक वर्षं लांबच्या बाजारातून भाजी आणायची आणि येताना मुद्दाम त्याच्या गाड्यावरून जायची, भरलेली पिशवी त्याच्या बाजूच्या हातात घेऊन. थोरली जाऊ एकदा चारचौघांत म्हणाली, "मधलीच्या हाताला चव नाही." झालं. तेव्हापासून थोरलीच्या ताटात काहीही वाढलं की मधली वाकून विचारायची, "चव आहे ना हो, जाऊबाई?" रोज. दोन्ही वेळा. थोरली म्हणायची, "अगं बाई, चुकलं माझं, आता पुरे की." मधली म्हणायची, "चुकलं कसं? मी तर विचारतेय."

नवरा तिच्या उलट. मऊ माणूस. ती टक त्याच्या मऊपणातूनच आली होती.

धाकट्यानं पहिली डबी केली तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं. डबी भावाच्या टेबलावर ठेवली आणि स्वारी गल्लीभर छाती काढून फिरायला गेली. मधल्यानं ती एका उघड्या स्पीकरला सरळच जोडून पाहिली, मधे काही न घालता. खटका दाबला आणि स्पीकरचा कागदी पडदा बेडकासारखा बाहेर उडाला. धप्प! मग हळूहळू जागेवर आला आणि डबी छान गायला लागली. त्यानं बंद करून पुन्हा चालू केली. पुन्हा धप्प.

"हे काय?" मधलीनं विचारलं.

"गाय गुणाची आहे. दूध चांगलं देते. पण दावं सोडताना शिंग मारते."

"मग सांगा त्याला."

"नको गं. आत्ता कुठं उभं राहतंय पोरगं. रडेल."

आणि त्यानं काय केलं, तर आपल्या मधल्या डब्यात एक बोटाच्या पेराएवढा रिले बसवला. रिले म्हणजे विजेचा दारवान. सेट चालू झाला की आधी वाट बंद. डबीनं शिंगं मारून घ्यायची ती दारावर मारून घ्यायची. ती शांत झाली की 'टक', दार उघडलं. "घरातलं घरात," तो म्हणाला. धाकट्यानं पुढं कितीतरी डब्या केल्या. एकीहून एक गोड, आणि चालू होताना एकीहून एक मारकुट्या. त्याला पत्ताच नाही, कारण मधल्या डब्याशिवाय त्यानं कधी काही लावलंच नाही.

मग मधल्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. महिना व्हायच्या आत मधली त्याच्या स्टुलावर बसली. थोरलीनं नाक मुरडलं. तेव्हा धाकटाच म्हणाला होता, "वहिनी, तू बस. भाऊचं टेबल रिकामं नको." ती बसली. हात नवऱ्याएवढा झाला, मग त्याच्याही पुढं गेला. आणि प्रत्येक डब्यात ती न चुकता तो दारवान बसवत राहिली. धाकट्याची लाज तिनं झाकली, नवऱ्यानं सांगितलं होतं म्हणून. आणि धाकट्यावर तिची मायाही होती, खोटं कशाला बोला.

ती माया एका दुपारच्या चहाला संपली.

धाकटा कुठल्याशा प्रदर्शनातून आला होता, चेहरा नुसता लकाकत होता. "दादा, वहिनी, ऐका. तिथं एकानं लावली होती, डबी सरळ मोठ्यात! मधे काही नाही! काय आवाज सांगू, डोळ्यापुढचा पडदा ओढून बाजूला केल्यासारखा. माझ्या नव्या डबीत आवाज कमीजास्त करायची सोय आहेच. मग मधला डबा हवा कशाला? स्वच्छ पाणी येतंय आणि आपण नळाला फडकं बांधून बसलोय."

"म्हणजे मधलीचं टेबल मोकळं होणार म्हणा की," थोरली म्हणाली. सेट खोक्यात भरून बांधायचं काम तिच्याकडं असायचं. "मला मेलं सामान बांधायला जागाच नव्हती."

मधलीनं कप खाली ठेवला नाही. "सरळ लावून बघितलीस का रे तू? चालू-बंद करून?"

"वहिनी, तुझं सगळं भाऊच्या काळातलं आहे. जग पुढं गेलं."

"मी विचारलं काय, तू सांगतोस काय."

"तू कशाला एवढी चिकटून बसतेस त्या डब्याला? भाऊ असता ना, तर त्यानं स्वतःच्या हातानं काढून फेकला असता. त्याला कळत होतं."

थोरल्याकडं तिनं पाहिलं. थोरल्यानं बशीत चहा ओतला, फुंकला आणि म्हणाला, "मी मधे पडत नाही. तुमचं तुम्ही बघा."

"बरोबर आहे तुमचं, भावजी," मधली म्हणाली.

आजवर ती त्याला 'धाकट्या' म्हणत होती, अरेतुरे करत होती. त्याला स्वतःला हा बदल कळलाही नाही, तो बोलण्याच्या भरात होता. थोरलीला कळला. तिच्या हातातला चमचा बशीवर वाजला.

नवऱ्यानं त्याच्यासाठी दारवान बसवला, आणि हा म्हणतो त्यानंच फेकून दिला असता! टेबल गेलं असतं तर ती रडली असती, भांडली असती, जिन्याखाली नवं मांडलं असतं. पण मेलेल्या माणसाच्या तोंडात आपलं बोलणं घालायचं, तेही त्याच्याच बायकोपुढं? तिला आतून एकदम थंड वाटलं. मग हळूहळू बरं वाटायला लागलं. एखाद्याला भूक लागावी आणि घरात शिजत असल्याचा वास यावा, तसं.

दुसऱ्या दिवसापासून तिच्याएवढं गुणी माणूस त्या कारखान्यात नव्हतं. धाकट्यानं पाना मागितला, हिनं पुसून दिला. मोठ्याच्या आतही एक राखण्या होता. वेडंवाकडं काही आलं की तो स्पीकरची वाट तोडायचा. धाकटा म्हणाला, "दादा, तोही काढ. सरळ म्हणजे सरळ." थोरला कुरकुरला, "अरे, असू दे की, खातोय का तो तुझं?" पण धाकट्यानं ऐकलं नाही, म्हणून झाकण उघडलं. बॅटरी कुणी धरली? मधलीनं. राखण्या सुटून बाहेर आला तेव्हा तिचा हात इतका स्थिर होता की थोरला म्हणाला, "शाब्बास."

सगळे वर जेवायला गेले असताना एकदा तिनं धाकट्याची नवी डबी आपल्या टेबलावर आणली. उघड्या स्पीकरला सरळ जोडली आणि खटका दाबला. पडदा असा उडाला की टेबलावरचे स्क्रू नाचले. जुन्या डब्या शिंग मारायच्या, ही तर रेड्यासारखी अंगावर यायची. तिनं पुन्हा एकदा दाबला, नुसता आनंद म्हणून. मग वायर होती तशी गुंडाळून डबी होती तिथं ठेवली, वर गेली आणि पोटभर जेवली. थोरलीला वाढताना चव विचारायलाही विसरली. थोरली म्हणाली, "काय गं, बरं नाही का?"

"उलट फार बरं आहे, जाऊबाई."

ऐकायला येणार होती चहाघरवाली. शहरात तिची बरीच चहाघरं होती, लोक तिथं चहा घेत गाणी ऐकत बसायचे. बाई जाडजूड, बोलणं मोजकं. तिनं होकार दिला की प्रत्येक चहाघरात सरळ सेट बसणार होता, आणि त्याच संध्याकाळी मधलं टेबल जिन्याखाली जाणार होतं. थोरलीनं त्या जागेवर ठेवायचं फडताळ आधीच पुसून ठेवलं होतं.

त्या सकाळी धाकट्यानं सगळं मांडलं. डबी तो उठल्यापासून चालूच होती, तापून गाते म्हणून. नवे स्पीकर मांडले, पण त्याचं तोंड वाकडं झालं. "बारीक वाजतात हे. पोट नाही यांना." तो जिना चढून वर गेला आणि थोड्या वेळानं तो आणि थोरला एक-एक पेटी छातीशी धरून उतरले.

मधली स्टुलावरून अर्धी उठली.

त्या पेट्या तिच्या नवऱ्याच्या होत्या. लाकूड त्यानं कापलेलं, कोपरे त्यानं घासलेले. आतली लोकर भरताना ती कोपरापर्यंत हात घालून बसली होती आणि दोघं शिंका देऊन देऊन हसली होती. वरच्या खोलीत त्या तिच्या पलंगाच्या पायथ्याशी असायच्या.

"वहिनी, भाऊच्या पेट्या लावतो. यांच्याशिवाय मजा नाही. चालेल ना?"

तिला बोलायची संधी मिळाली, ती अशी. एक शब्द पुरला असता. नाही म्हणाली असती तर पेट्या वाचल्या असत्या. पण मग धाकट्यानं कारण विचारलं असतं, आणि कारण सांगितलं की त्याची आबरू आणखी एकदा तिच्याच पदराखाली वाचली असती. तिनं पेट्यांकडं पाहिलं. एका कोपऱ्याला नवऱ्याच्या कानशीचा ओरखडा होता, पॉलिशखाली अजून दिसत होता.

"चालेल की, भावजी," ती म्हणाली. "न चालायला काय झालं?"

दोघा भावांनी मोठा उचलून आणला, थोरल्यानं तो शेवटी जोडला, शेवटी चालू केला. डबी आधीच तापलेली, शांत झालेली, त्यामुळे काही झालं नाही. चहाघरवाली खुर्चीत बसली, थोरलीनं तिच्या हातात चहा दिला, आणि धाकट्यानं गाणं लावलं.

आता खरं ते सांगायलाच हवं. आवाज सुंदर होता. मधल्या डब्यातून ज्या बाईचं गाणं मधलीनं कैक वेळा ऐकलं होतं, तीच बाई आज दोन पावलं पुढं येऊन गात होती. तिनं श्वास घेतला तो ऐकू आला, ओठ मिटले तेही. धाकटा खोटं बोलला नव्हता. आणि हे कळल्यावर मधलीचा राग निवायच्या ऐवजी असा काही भडकला की तिनं पदराचं टोक मुठीत आवळलं. हरामखोर चुकला असता तर कीव आली असती. पण तो बरोबर होता आणि तरी तिच्या नवऱ्याला मधे ओढून बोलला होता.

"छान," चहाघरवाली म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ. "पण माझ्याकडं कामाच्या पोरी बदलत असतात. त्यांना जमेल का? चालू कसं करायचं, बंद कसं करायचं, मला दाखवा एकदा."

"त्यात काय आहे, हे बघा," धाकटा म्हणाला.

त्या कारखान्यात मोठा दिवसभर बंद करत नसत. तो तापायला वेळ घेतो, म्हणून सकाळी चालू केला की रात्रीच बंद. खेळ सगळा डबीच्या खटक्याशी. जुनी सवय, मधला डबा होता तोवर त्यात धोकाही नव्हता. धाकट्यानं मोठा तसाच जिवंत ठेवला, डबी बंद केली आणि म्हणाला, "हे झालं बंद. आणि आता..." त्याचं बोट खटक्याकडं गेलं. मधली त्या बोटाकडं बघत होती. बोटावर सोल्डरचा जुना डाग होता. तिनं जीभ दाताखाली धरली आणि धरूनच ठेवली.

दणका असा बसला की खिडकीच्या काचा थरथरल्या. दोन्ही पेट्यांचे पडदे बाहेर उसळले आणि परत आलेच नाहीत, जीभ काढल्यासारखे तसेच राहिले. मग आतून धूर, आणि तारेवरचं वार्निश जळाल्याचा कडू वास. चहाघरवालीचा चहा तिच्या मांडीवर. थोरली किंचाळली, "अगं आई गं!"

धाकटा गुडघ्यावर बसला, पडद्याला बोट लावलं, तो खरखरला. "दादा," तो म्हणाला, "तुझ्या मोठ्यानं खाल्लं यांना."

"माझ्या मोठ्यानं?" थोरल्याचा आवाज वर चढला. "माझा मोठा आजवर कुणाच्या वाटेला गेला नाही! राखण्या काढ म्हणून कोण नाचत होतं?"

"चांगला बांधला असतास तर राखण्या लागलाच नसता!"

"तोंड सांभाळ! कडेवर खेळवलंय तुला!"

दोघं एकमेकांच्या छातीला छाती लावून उभे. थोरलीनं मधलीचा दंड धरला. "अगं, बोल की काहीतरी, थांबव यांना!"

"मी मधे पडत नाही, जाऊबाई," मधली म्हणाली. थोरल्यानं ते ऐकलं आणि मान खाली घातली.

तेव्हा कुठं ती उठली. घाई केली नाही. डबी सोडवून आपल्या टेबलावर नेली, उघड्या स्पीकरला जोडली आणि स्पीकरच्या पडद्यात सदऱ्याचं एक बटण ठेवलं. "ताई, इकडं या जरा," तिनं चहाघरवालीला बोलावलं. ती ओला पदर झटकत आली. खटका दाबला. बटण उडून छताला लागलं.

"मोठ्याचा दोष नाही," मधली म्हणाली. "ही डबी चालू होताना शिंग मारते. नीट बघून घ्या, भावजी. परत दाखवू?"

"बस," धाकटा म्हणाला.

तिनं परत दाखवलं.

धाकट्याचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"तुमच्या पहिल्या डबीपासून. टक कशाची वाटली तुम्हाला? तुमची खोड झाकायला बसवलेला दारवान होता तो."

"तू बसवलास?"

"तुमच्या भावानं. फेकून दिला असता म्हणालात ना, त्यानं."

धाकटा मटकन स्टुलावर बसला, तिच्याच. "मग मला सांगितलं का नाही कुणी?"

"त्यानं सांगू दिलं नाही. तुम्ही रडाल म्हणून. तेव्हाचं न सांगणं त्याचं होतं." तिनं वायर सोडवली. "आजचं न सांगणं माझं."

"त्याच्या पेट्या होत्या, वहिनी! तू त्यासुद्धा..."

"माझ्या नवऱ्याच्या होत्या. चालेल ना म्हणून विचारलंत, मी चालेल म्हटलं. आणि उठा तिथून. ते टेबल माझं आहे."

तो उठला. आणि रडला, लहानपणी रडायचा तसा, नाकानं. मधलीनं ते पाहिलं. पोटभर पाहिलं. दया येईल का म्हणून तिनं क्षणभर वाटही बघितली, ती आली नाही.

चहाघरवाली दारातून वळून म्हणाली, "आवाज मला सरळचाच हवा. पण असला दणका माझ्या गिऱ्हाइकांच्या डोक्यात नको. नीट करा, मग बोलवा." आणि थोरल्यानं, उभ्या जन्मात पहिल्यांदाच, घरात निवाडा केला: यापुढं कारखान्यातून कुणाचंही काहीही बाहेर जाणार असेल, तर ते आधी मधलीच्या टेबलावरून जाईल. फडताळ जिन्याखाली गेलं. थोरलीनं निमूट नेलं.

दुपारी मधलीनं पेट्या वर नेल्या. जळके स्पीकर सोडवून काढले, आतल्या लोकरीला वास लागला होता, तीही काढली. नवे पडदे तिनं पुढं मागवले, बसवलेही. पेट्या वाजतात. पण आधीचा आवाज त्यांत नाही, आणि हे तिला कुणी सांगायची गरज नाही. सूड काही फुकट मिळत नाही, घरातलंच काहीतरी चुलीत घालावं लागतं. ती कुरकुरली नाही. थोरलीनं एकदा विचारलं, "वाईट नाही वाटत गं?" तर म्हणाली, "वाटतं की. म्हणून काय झालं?"

मग सुरू झाले धाकट्याचे दिवस. डबीची खोड कशी काढायची हे मधलीला तोंडपाठ होतं. बाहेर जायच्या वाटेवर दणका अडवून गाणं तेवढं सोडणारा एक कंडेन्सर, आणि डबीच्याच पोटात तसलाच एक दारवान. एका चहाच्या वेळात सांगून झालं असतं. तिनं सांगितलं नाही. तो काहीतरी बदलून डबी आणायचा, ती पडद्यात बटण ठेवायची, खटका दाबायची, बटण उडायचं.

"न्या परत, भावजी."

"वहिनी, निदान कुठं बघू ते तरी सांग."

"माझं भाऊच्या काळातलं. तुमचं पुढचं."

तो परत जायचा. माना वर करून सगळे बघायचे. कुरिअरवालासुद्धा ओळखायला लागला, विचारायचा, "काय बाई, आज उडालं का?" मधली बटण उचलून दाखवायची. असं खूप चाललं. धाकटा वाळला, पण सोडलं नाही त्यानं, एवढं त्याचं मानायला हवं. शेवटी एका सकाळी त्यानं डबी आणून ठेवली, हात पाठीमागं बांधून उभा राहिला. तिनं खटका दाबला. बटण हललं नाही. बंद केली, चालू केली. हललं नाही. पटकन, सावकाश, वायर हलवून, सगळ्या तऱ्हांनी तिनं तिला छेडून बघितलं. बटण आपलं बसलेलं. त्याचं त्यानंच शोधून काढलं होतं. उडतंय म्हणून तिला खोटं सांगता आलं असतं, पण बटण सगळ्यांच्या समोर होतं.

"न्या," ती म्हणाली. "पाठवा."

थोरल्यानं टाळी वाजवली. त्या दिवशी मधलीला जेवण गेलं नाही. हातातलं काम कुणी काढून घेतल्यासारखं तिला झालं.

सरळ सेट चहाघरात लागले. आणि थोड्याच दिवसांत चहाघरवाली एक डबी कापडात गुंडाळून घेऊन आली. "दणका नाही, ते ठीक. पण माझ्याकडं हळू वाजवावं लागतं. हळू केलं की गाणं विरतं. बाईचा श्वास तर गायबच. तुमच्याकडं ऐकलं ते हे नव्हे."

धाकट्यानं वायरी बदलल्या, विजेला नावं ठेवली, चहाघराच्या भिंतींना नावं ठेवली. शेवटी नाइलाजानं डबी घेऊन मधलीच्या टेबलाशी आला. तिनं बटण ठेवलं, दाबलं. बटण जागचं हललं नाही.

"डबीत खोट नाही," ती म्हणाली.

"मग विरतं का?" धाकटा म्हणाला. तिला नाही, समोरच्या भिंतीला.

का, ते मधलीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. थोरल्याचा मोठा इतका खादाड की घासभर दिलं तर ताटभर करून ओततो. त्या दिवशी आवाज चढवून वाजवलं म्हणून खपून गेलं. हळू वाजवायचं तर डबीवरचा आवाज पार खाली आणून ती जवळजवळ मिटावी लागते, आणि डबी मिटणं म्हणजे आकड्यांच्या शेपट्या छाटणं. बारीक जे काही असतं, श्वास, ओठ, ते शेपटीतच असतं. मोठ्याच्या तोंडाशी विजेला आवरणारे दोन रेझिस्टर बसवले की त्याचा घास लहान होतो, आणि मग डबी मोकळी सोडता येते. एवढंच. तसे रेझिस्टर आत घातलेले दोन प्लग तिनं जोडून, घासून, तपासून ठेवलेही होते. तिच्या खणात होते, तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

धाकटा उभाच होता. त्यानं विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की नाही, हे तिचं तिलाही नक्की माहीत नव्हतं. पण त्यानं विचारलं नाही. डबी उचलली आणि आपल्या टेबलाकडं गेला, आणि पुन्हा झाकणाचे स्क्रू सोडायला लागला.

मधलीनं खण जरासा उघडला, प्लग बघितले, आणि गुडघ्यानं खण आत लोटला.